बंद पडून राहिलेलं जुनं दोन-स्ट्रोक आउटबोर्ड: घ्यावं का, आणि घेतलं तर सुरुवात कुठून?

सुकाणू

१५ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं दोन-स्ट्रोक आउटबोर्ड (नावेच्या मागच्या कडेला टांगायचं इंजिन) विकाऊ आहे. जपानी बनावट, १९८०च्या दशकाच्या अखेरीचं, शॉर्ट शाफ्ट, दोरी ओढून चालू करायचं. खाऱ्या पाण्यात वापरलेलं आणि गेली काही वर्षं स्टँडवर उभं आहे. विकणाऱ्याचं म्हणणं नेहमीचंच: ठेवलं तेव्हा चालू होतं.

आतापर्यंत एवढं कळलंय. फ्लायव्हील हाताने फिरतं, कुठे अडकत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा दाबतो तेव्हा सिलिंडरमध्ये येणारा दाब, वरच्या सिलिंडरला ११२ पीएसआय, खालच्याला ९८. थ्रॉटल बंद ठेवून, प्रत्येकी तीनदा दोरी ओढून घेतलेलं. ठिणगी दोन्हीकडे पडते, पण पिवळट आणि बारीक. हेडच्या (सिलिंडर बंद करणाऱ्या झाकणाच्या) खालच्या दोन बोल्टांभोवती पांढरी भुकटी साचलीय, तिथला रंग फुगलाय. गिअर फॉरवर्डला पडतो. रिव्हर्सला किरकिरतो, कधी पडतच नाही. गिअर ऑईलचा स्क्रू काही केल्या हलत नाही. टाकीतल्या जुन्या पेट्रोलला वार्निशचा वास येतोय.

घेण्याआधी अजून काय बघावं? यातलं कुठलं लक्षण "सोडून द्या" म्हणण्याइतकं गंभीर आहे? आणि घेतलंच तर आधी चालू करून बघायचं की आधी उघडायचं?

पिस्टनपुराण

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. चालू करून बघू नका. विकणारा "दोन मिनिटं चालवून दाखवतो" म्हणाला तरी नको. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला इम्पेलर (पाकळ्यांचं चाक) रबराचा असतो आणि त्याचं वंगण म्हणजे पाणीच. इतकी वर्षं एकाच जागी दबून राहिलेल्या पाकळ्या वाकड्याच्या वाकड्या ताठरतात. कोरडं फिरवलं तर काही सेकंदांत तुटतात, आणि ते तुकडे पाण्याच्या नळीतून वर जाऊन थर्मोस्टॅटच्या वाटेत अडकतात. मग इंजिन तापतं आणि चांगला पिस्टन उगाच खरवडला जातो.

आता कॉम्प्रेशन. ११२ आणि ९८ म्हणजे साडेबारा टक्के फरक. दहा टक्क्यांच्या आत असावा असा साधा नियम आहे, पण तुमची चाचणीच अर्धवट झालीय. थ्रॉटल बंद असला की सिलिंडरला पुरेशी हवा मिळत नाही आणि आकडे फसवतात. पुन्हा घ्या: दोन्ही प्लग काढा, दोन्ही प्लगवायरी इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा (सीडीआय इग्निशनमध्ये, म्हणजे ठिणगीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत, वायर मोकळी ठेवून दोरी ओढली तर कॉइल आणि सीडीआय युनिटवर ताण येतो), थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेजचा काटा वर जायचा थांबेपर्यंत ओढत राहा, साधारण पाच-सहा वेळा. दोन्ही सिलिंडरना सारख्याच वेळा. मूळ आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक जास्त बोलका असतो, कारण गेजागणिक आकडा बदलतो.

फरक तरीही राहिला तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर दोन-स्ट्रोक ऑईल टाकून पुन्हा बघा. आकडा चांगला चढला तर रिंगा झिजल्यात किंवा कार्बनने खाचेत चिकटल्यात. चिकटलेल्या रिंगा बऱ्याचदा कार्बन काढायच्या द्रावणाने सुटतात. आकडा जागचा हलला नाही तर संशय हेड गॅसकेटवर किंवा पिस्टनवर. तुमच्या बाबतीत कमी आकडा खालच्या सिलिंडरचा आणि पांढरी भुकटीही खालच्याच बोल्टांपाशी. हा योगायोग मला आवडलेला नाही. प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून सिलिंडरची भिंत बघा. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे दिसले तर ते इंजिन कधीतरी तापून जाम झालंय. भिंतीवर गंजाचे ठिपके किंवा खड्डे दिसले तर पाणी आत शिरलेलं आहे. अशा वेळी मी सरळ सोडून देईन. बोअर मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन टाकणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

उलटा_गिअर

रिव्हर्सच्या किरकिरीला एवढ्यात घाबरू नका. इंजिन बंद असताना गिअर टाकला की क्लच डॉगचे (गिअरमध्ये अडकून पंख्याला फिरवणाऱ्या तुकड्याचे) दात समोरच्या गिअरच्या दातांवर टेकून राहू शकतात, मग तो पडत नाही. एका हाताने पंखा (प्रोपेलर) सावकाश फिरवत दुसऱ्या हाताने गिअर टाका. असं करून स्वच्छ पडला तर ठीक. मग रिव्हर्समध्ये ठेवून पंखा दोन्ही दिशांना जोर लावून फिरवा: एका दिशेने कॉम्प्रेशनचा दाब हाताला जाणवला पाहिजे, "टक" करून सुटता कामा नये. सुटला तर डॉगच्या कडा गोल झाल्यात. फॉरवर्डलाही हेच करा. तिथे सुटत असेल तर नाव भरधाव असताना गिअर उडेल आणि रिकामं इंजिन एकदम किंचाळेल. डॉगच्या कडा गोल होतात त्या गिअर हळूहळू, चाचपत टाकण्याच्या सवयीने. आउटबोर्डचा गिअर कमी आरपीएमला, एका झटक्यात टाकायचा असतो.

माझ्या मते या व्यवहाराचा फैसला कॉम्प्रेशनने नाही, गिअर ऑईलने होईल. तो स्क्रू उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. स्टेनलेस स्क्रू अॅल्युमिनियममध्ये बसून बसून धरतो. खाचेत पूर्ण भरेल असा रुंद बिट लावून हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. साध्या स्क्रू ड्रायव्हरने खाच खराब झाली की पुढचं सगळं अवघड. त्याआधी भोवतालच्या अॅल्युमिनियमला हीट गनने ऊब द्या. अॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त पसरतं, पकड सैल होते.

खालचा स्क्रू आधी, वरचा नंतर. ऑईल काळसर पण स्वच्छ असेल तर उत्तम. दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरतंय. दुरुस्त होतं, पण भाव पाडून मागा. आणि खालून आधी नुसतं पाणी आलं, मग ऑईल, तर पाणी कित्येक दिवस तळाशी बसून होतं असं समजा. तळाशी बेअरिंग आणि गिअर असतात, त्यांच्यावर गंजाचे खड्डे पडलेले असणार. स्क्रूच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप चालतो. कपच्या किंवा दाताचा तुकडा दिसला तर नमस्कार करून निघा.

खारवारा

वरच्या दोघांनी एक गोष्ट सोडलीय आणि खाऱ्या पाण्यातल्या इंजिनाला तीच सगळ्यात नडते. खालचं युनिट (गिअर आणि पंखा असलेला इंजिनाचा खालचा भाग) सुटतं का? इम्पेलर बदलायला तेच उतरवावं लागतं. त्याचे बोल्ट मीठ धरून बसलेले असतात, आणि बोल्ट निघाले तरी ड्राइव्हशाफ्टच्या वरच्या टोकाच्या स्प्लाइन (उभ्या दातांच्या खाचा) क्रँकशाफ्टमध्ये गंजून चिकटलेल्या असू शकतात. तसं झालं तर युनिट काही मिलिमीटर खाली येतं आणि तिथेच लटकतं. मग लोक मधल्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतात आणि अॅल्युमिनियमच्या कडा तोडतात.

त्यामुळे घेण्याआधी विकणाऱ्यासमोर एवढंच करा: खालच्या युनिटचा प्रत्येक बोल्ट पाव फेरा सैल होतो का बघा आणि परत आवळा. सुरुवात सैल करण्याने नाही, किंचित आवळण्याने करा. गंजाची पकड त्याने तुटते. सहा कोनांचा बॉक्स पाना वापरा, बारा कोनांचा डोकं गोल करतो. हलत नसेल तर तापवा, आत शिरणारं तेल सोडा, थंड होऊ द्या, पुन्हा तापवा. हे दोन-तीनदा. बोल्ट रबरासारखा पीळ खातोय असं हाताला लागलं की थांबा, पुढच्या क्षणी तो तुटणार आहे.

पांढरी भुकटी म्हणजे अॅल्युमिनियमचा गंज आणि मीठ. बाहेरून उडालेल्या पाण्यानेही साचते. पुसून काढा आणि खाली धातू कुरतडलेला आहे का बघा. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावरून ओघळ आल्याची रेघ असेल तर गॅसकेट गेलीय.

तांबेरा

दोन किरकोळ पण महत्त्वाचे मुद्दे. ट्रान्समच्या (नावेच्या मागच्या भिंतीच्या) ब्रॅकेटवरची मॉडेल आणि सिरियल नंबरची पट्टी जागेवर आहे का बघा. खरवडलेली किंवा उपटलेली असेल तर चोरीचा माल असण्याची शक्यता असतेच, शिवाय पार्ट मागवताना नेमकं मॉडेल कळत नाही. नंबर घेऊन आधी पाण्याच्या पंपाचा किट, कार्ब्युरेटरचा किट आणि गिअरकेसचे सील मिळतात का ते तपासा. हे तीन मिळत असतील तर बाकीचं जमतं. कंपनी बंद पडली म्हणून इंजिन बाद होत नाही: एव्हिनरूडचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं, पण जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडचे झिजणारे पार्ट अजून इतर उत्पादक बनवतात.

दुसरं, शॉर्ट शाफ्ट म्हणतात म्हणून विश्वास ठेवू नका, मोजा. ब्रॅकेट ट्रान्समवर जिथे टेकतं तिथपासून पंख्याच्या वरच्या आडव्या पाटीपर्यंत सुमारे ३८ सेंमी म्हणजे शॉर्ट, ५१ म्हणजे लाँग. लाँग शाफ्टच्या नावेवर शॉर्ट लावलं तर पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसतं रेस होतं.

सुकाणू

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे पुन्हा तपासलं. कॉम्प्रेशन आता ११८ आणि १११. सिलिंडरच्या भिंती स्वच्छ, खालच्या पिस्टनच्या डोक्यावर कार्बन जास्त. पंखा फिरवत टाकल्यावर रिव्हर्स पडतो आणि जोर लावला तरी सुटत नाही. गिअर ऑईल दुधाळ निघालं, नुसतं पाणी आलं नाही, चुंबकावर फक्त लेप. खालच्या युनिटचे चारही बोल्ट तापवल्यावर हलले. शाफ्ट ३८ सेंमी. भाव पाडून घेतलं.

आता क्रम सांगा. आणखी एक: झाकणावरच्या स्टिकरवर पेट्रोल-ऑईलचं प्रमाण १००:१ लिहिलंय. तेच पाळायचं?

पिस्टनपुराण

आता आकडे निरोगी आहेत. क्रम: आधी पाणी, मग पेट्रोल, मग ठिणगी, आणि सगळ्यात शेवटी दोरी. मधल्या काळात प्लगच्या भोकांतून थोडं ऑईल सोडा आणि फ्लायव्हील अधूनमधून घड्याळाच्या दिशेने फिरवा.

पाणी. खालचं युनिट उतरवताना गिअरचा दांडा आधी सोडवायला विसरू नका. पंपाचा पूर्ण किट घ्या, नुसता इम्पेलर नको. खालची स्टीलची चकती आणि वरचा कप यांवर नखाला लागेल इतकी चरी असेल तर नवा इम्पेलरही नीट दाब देत नाही. चावी (इम्पेलरला शाफ्टशी बांधणारा धातूचा छोटा तुकडा) शाफ्टच्या खाचेत थोड्या ग्रीसने चिकटवा, इम्पेलर बसवा, पाकळ्यांना द्रव साबण किंवा ग्लिसरीन लावा, आणि वरचं घर खाली दाबताना ड्राइव्हशाफ्ट वरून बघता घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वाकतात. त्यानंतर उलटा फिरवायचा नाही. जुन्या इम्पेलरच्या पाकळ्या मोजा. एखादी कमी असेल तर ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

युनिट परत चढवताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. पाण्याची तांब्याची नळी पंपाच्या रबरी तोंडात नीट गेली नाही, तर सगळं नवं असूनही थेंब वर चढत नाही. आणि ग्रीस स्प्लाइनच्या बाजूंना लावायचं, शाफ्टच्या माथ्यावर नाही. माथ्यावर साठलेलं ग्रीस क्रँकच्या भोकात कोंडतं आणि युनिट पूर्ण बसू देत नाही. बोल्टांना मरीन ग्रीस लावा.

थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाणी आणि थर्मामीटरबरोबर तापवा. त्याच्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास उघडायला हवा आणि थंड झाल्यावर पूर्ण मिटायला हवा. बिघडला म्हणून नुसता काढून टाकू नका: दोन-स्ट्रोक इंजिन फार थंड चाललं तर पेट्रोल नीट जळत नाही आणि प्लग ओले होत राहतात.

हेड उघडायचं का? कॉम्प्रेशन बघता गरज नाही, पण भुकटीमुळे मी उघडेन, पाण्याच्या वाटाही दिसतील. उघडलंत तर गॅसकेट नवीच. हेडचा पृष्ठभाग सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासा, ०.१ मिमीचं पातं कुठे खाली शिरलं तर काचेवर ४०० नंबरचा एमरी पेपर ठेवून, ओला करून, इंग्रजी आठच्या आकड्यात घासा. बोल्ट मधून बाहेर या क्रमाने, दोन टप्प्यांत, त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. अंदाजाने नको.

प्रमाण: स्टिकर विसरा, ५०:१ वापरा. म्हणजे लिटरला २० मिली, दहा लिटरला २००. १००:१चा प्रयोग त्या काळात काही कंपन्यांनी केला, पण थांबून थांबून वापरलेल्या इंजिनाच्या बेअरिंगांवर तेवढा थर टिकत नाही. ऑईलच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डसाठीचा दर्जा) असायला हवं. मोटरसायकलचं दोन-स्ट्रोक ऑईल हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं. त्याची राख इथे प्लगवर आणि पिस्टनवर साठते.

खारवारा

पहिली टाकी २५:१ ठेवावी असं मी म्हणेन. भिंती कोरड्या आहेत.

पिस्टनपुराण

कोरड्या भिंतींसाठी प्लगच्या भोकातून ऑईल सोडतोच आहोत. २५:१ हे नव्या रिंगा किंवा नवे पिस्टन टाकल्यावर. आणि ऑईल वाढवलं की त्याच जेटमधून पेट्रोल तेवढं कमी जातं, म्हणजे मिश्रण उलट पातळ होतं. वर धूर आणि ओले प्लग, ज्यामुळे कार्ब्युरेटर बरोबर लागलाय की नाही हेच कळत नाही.

उलटा_गिअर

युनिट उतरवलंच आहे तर सीलही आत्ताच. दुधाळ ऑईलचं कारण बहुतेक वेळा पंख्याच्या शाफ्टचे सील असतात, आणि ते जातात बहुधा मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने, जो पंख्यामागे गुंडाळून सीलच्या ओठात शिरतो. पंखा काढून तिथे बघा. पण गृहीत धरू नका: ड्राइव्हशाफ्टचा सील, गिअरच्या दांड्याचा सील, ऑईलच्या स्क्रूंचे वायसर, यातलं काहीही असू शकतं. पाच मिनिटांचं काम आहे: ऑईल रिकामं करून वरच्या भोकाला अडॅप्टर लावा, १० पीएसआय हवा भरा, युनिट पाण्यात बुडवा. बुडबुडे कुठून येतात ते दिसेल. शाफ्ट फिरवून, दांडा हलवूनही बघा. काही सील फक्त हालचालीत गळतात.

दोन सील पाठोपाठ बसवलेले असतील तर कुठल्याचं तोंड कुठे होतं त्याचा फोटो काढल्याशिवाय उपटू नका. शाफ्टवर सीलच्या ओठाने खाच पाडली असेल आणि नख अडकत असेल तर नवा सील टिकणार नाही. घरात जागा असेल तर सील मिलिमीटरभर पुढेमागे बसवा म्हणजे ओठ कोऱ्या धातूवर येतो, नाहीतर शाफ्टवर स्लीव्ह चढवा.

ऑईल भरताना खालून वर. मरीन गिअर ऑईल, ९० किंवा ८०डब्ल्यू-९०, या मापाच्या युनिटला साधारण पाव लिटर. वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय ऑईल यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग नळी काढून पटकन खालचा. उलट केलं तर निम्मं सांडतं आणि आत हवा राहते. वायसर नवे. थोडा वापर झाला की एकदा ऑईल काढून रंग बघा.

तांबेरा

पिवळट ठिणगीसाठी लगेच सीडीआय युनिट विकत घेऊ नका. आधी फुकटातल्या गोष्टी. प्लगवायरचं टोपण फिरवून काढा, वायरचं हिरवं पडलेलं टोक पाच-सहा मिलिमीटर कापा, टोपण परत बसवा. कॉइल जिथे इंजिनला टेकते ती जागा एमरीने चकचकीत करा. खाऱ्या इंजिनांत अर्ध्या तक्रारी अर्थिंगच्या असतात. मग स्टॉप बटणाची वायर तात्पुरती सोडून ठिणगी बघा. ती वायर इग्निशन अर्थ करूनच इंजिन बंद करते, त्यामुळे ओलसर बटण ठिणगी खात बसतं.

एवढ्याने भागलं नाही तर फ्लायव्हील काढा. तीन बोल्टांचा पुलर वापरा, जो फ्लायव्हीलच्या मधल्या आट्यांत बसतो. कडेला पकडणारा जबड्याचा पुलर लावलात तर फ्लायव्हील वाकतं. हातोडी शाफ्टच्या टोकावर थेट मारू नका. आत चुंबकांवर आणि कॉइलच्या पत्र्यांवर गंज असतो, तो घासून काढा. कॉइलचा रोध मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. परत बसवताना शाफ्टचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलचं भोक दोन्ही कोरडे, ग्रीस नाही. अर्धचंद्राकृती चावी थोडी जरी कातरली असेल तर टायमिंग सरकतं: ठिणगी चांगली, पेट्रोल चांगलं, आणि इंजिन लाथ मारतं.

कार्ब्युरेटरचं थोडक्यात. आयडलचा स्क्रू काढण्याआधी तो किती फेऱ्यांत हलकेच टेकतो ते मोजून लिहून ठेवा. जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) तारेने कोरू नका, भोक मोठं होतं. नायलॉनचा दोरा आणि हवेचा दाब पुरतो. फ्लोट उलटा धरल्यावर उंची मॅन्युअलप्रमाणे. पेट्रोल पंपाचा पडदा आणि टाकीपासूनच्या नळ्या बिनशर्त नव्या: इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबराचं अस्तर सोलतं आणि ते कण परत जेटमध्ये जातात.

सुकाणू

सगळं झालं. दोष ड्राइव्हशाफ्टच्या सीलमध्ये निघाला. पिंपात चालू केलं, तिसऱ्या ओढीला सुरू झालं. दोन शंका: खुणेच्या नळीतून (पंप पाणी फिरवतोय हे दाखवणाऱ्या) पाणी येतं पण धार बारीक आहे. आणि थ्रॉटल वाढवून ठेवला की अर्ध्या मिनिटाने दम सोडतं.

पिस्टनपुराण

पिंपातलं पाणी आडव्या पाटीच्या वर आहे ना ते बघा. असेल तर खुणेच्या नळीच्या तोंडात नायलॉनचा जाड दोरा घालून फिरवा, मिठाचा खडा बसलेला असतो. धार बारीकच राहिली तर हेडला हात लावा: क्षणभर टेकवता येतो, तर इंजिन थंड आहे आणि अडथळा फक्त नळीत आहे. टेकवताच येत नसेल तर लगेच बंद करा.

दमासाठी आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का ते बघा. असेल, तर दम सुटायला लागताच पेट्रोलच्या नळीवरचा फुगा दाबत राहा. इंजिन सावरलं तर पेट्रोल पंप कमी पडतोय किंवा पंपाआधीच्या सांध्यातून हवा शिरतेय: क्लिप, टाकीचा कनेक्टर आणि त्यातली ओ-रिंग या क्रमाने तपासा. सावरलं नाही तर मेन जेट पुन्हा काढा. आणि पिंपात पूर्ण थ्रॉटल देऊ नका. पंखा तिथे हवा घुसळतो, भार येत नाही, आरपीएम नको तितका चढतो. ती चाचणी नावेवरच.